अंगठ्याची रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची. बसमधून उतरताना ट्रंकेचं हँडल हातात राहिलं आणि ट्रंक रस्त्यावर पडली, असा माझा या गावातला प्रवेश. थांब्यावरच्या दुकानदाराने सुतळी दिली, वर रस्ताही सांगितला. उस्तादांचं गॅरेज ना, मग नाक नेईल तिकडे जा, म्हणाला. खरंच नाकानेच नेलं. थिनर, तापलेलं लोखंड, जुनं पेट्रोल. कुणाला अत्तर आवडतं, मला हे.

गॅरेज म्हणजे एक लांबलचक शेड. आत तीन गाड्या, तिन्ही माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. इतकी वर्षं बसबांधणीच्या कारखान्यात एकाच मापाचे पत्रे जोडून डोळे विटले होते. इथे एकाही गाडीला सरळ रेघ नाही, सगळे फुगवटे आणि वळणं. एका मडगार्डावरून हात फिरवला आणि एकटीच हसले. ते रंगाऱ्याने पाहिलं. तो इथला जुना माणूस, आता कामाला उरलेला एकटाच. त्याच्या भुवयांवर कायम कुठला तरी रंग असतो, आज हिरवा होता. म्हणाला, मॅडम, हसून घ्या, गंज अजून खाली आहे.

मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. उस्ताद म्हणजे त्यांचे यजमान, गेल्या हिवाळ्यात गेले. पत्रेकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं असं बसमध्येही दोघांनी सांगितलं. काकूंनी मला वरची खोली दिली आहे, सामानाच्या खोलीच्या माथ्यावर. उशीचा अभ्रा इस्त्री केलेला. त्यांची बोटं संधिवाताने पार वाकडी झाली आहेत, साधं बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, तरी इस्त्री स्वतः केली. मी बघते आहे म्हटल्यावर म्हणाल्या, ह्यांनी अख्ख्या गावाच्या गाड्यांचे सांधे धरले, माझे तेवढे राहून गेले.

ही वही वहिनीने दिली. रोज लिही, नाहीतर पत्र्याशी बोलायला लागशील, म्हणाली. लिहिते आहे. छान वाटतंय. झोप चांगली लागेल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझी गाडी भेटली. माझी म्हणजे माझ्या वाट्याला आलेली. शेडच्या टोकाला ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री काकूंनी मला काढू दिली नाही, स्वतःच कोपरा धरून ओढत नेली. दुधी रंग, गोल पाठ, चार दारं. पुढचे दिवे असे, की कुणी अचानक हाक मारल्यावर माणूस बघतं तशी ती बघते.

मग तिथेच एका टायरवर बसून काकूंनी तिची हकिगत सांगितली. गाडी त्यांच्या धाकट्या बहिणीची. गाडीच्या तळाचा पत्रा उस्तादांनीच दुरुस्त करून दिला होता. पुढे काही महिन्यांनी धाकटी नवऱ्याशेजारी बसून कुठेशी निघाली, चाक खड्ड्यात आपटलं आणि तिची सीट तळापासून उखडली. दार उघडलं, ती सीटसकट रस्त्यावर. डावा पाय कायमचा अधू झाला. तिच्या नवऱ्याने चारचौघांत उस्तादांवर ठपका ठेवला, की पत्रा सडलेलाच होता, ह्याने वरून नुसतं लिंपलं. उस्ताद म्हणाले, गाडी बेफाम चालवली. गाव उस्तादांच्या बाजूने उभं राहिलं, काकूही राहिल्या. मोडकी गाडी उस्तादांनीच ओढून आणली, आत काय केलं ते कुणाला बघू दिलं नाही, आणि ताडपत्री टाकली ती टाकलीच. धाकटीचा नवरा नंतर वारला. बहिणी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतात आणि एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

काकूंना ही गाडी आता पुन्हा उभी करायची आहे. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सगळं उघड कर पोरी. एकही सांधा झाकलेला ठेवू नकोस. ह्यांचं काम कसं होतं ते उजेडात दिसू दे."

त्या गेल्यावर मी आत वाकून पाहिलं. तळाच्या प्रत्येक सांध्यावर सीलंट भरलंय. दोन पत्रे जिथे जुळतात तिथे पाणी शिरू नये म्हणून भरतात तो काळा लगदा, वाळला की रबरासारखा होतो. बहुतेक जण तो भरतात आणि सोडून देतात. ह्या माणसाने प्रत्येक रेघ अंगठ्याने ओढली आहे, एका दमात, कुठेही थांबा नाही. आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध केसाएवढा एक उंचवटा. रंगारी म्हणाला, उस्तादांचा अंगठा तरुणपणी पत्र्याने चिरला होता, ती खाच रेघेत उमटायची. सहीची गरज नव्हती त्यांना. मी त्या रेघेवर माझा अंगठा ठेवून पाहिला. असं काम आपल्याला कधी जमेल का, असं मनात आलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कामाला हात घातला. चालकाच्या बाजूने सुरुवात केली. जुनं सीलंट काढणं हे घाईचं काम नव्हे. गरम हवा जास्त मारली तर जळून पत्र्याला डसतं, कमी मारली तर नुसता भुगा पडतो. नेमकी ऊब लागली की दुधावरच्या सायीसारखं अलगद उचललं जातं. मी लाकडी पट्टी वापरते, म्हणजे पत्र्याला ओरखडा नको. वय झालं की सीलंटला तडे जातात, त्यातून पाणी आत जातं आणि मग तेच सीलंट पाण्याला बाहेर पडू देत नाही. राखणदारच चोराला दार लावून घरात ठेवतो, असला प्रकार.

खाली गंज होता, पण वरवरचा. तारेच्या ब्रशने झाडला की पत्रा लकाकायला लागला. टिचकी मारली की टण्ण वाजतो. रंगारी येऊन कान देऊन गेला. त्याने मला दुसऱ्या कुठल्या तरी गॅरेजमधल्या कामाचा किस्सा सांगितला, दारावर इतकी पुट्टी की पत्रा विरघळला तरी दार उभंच. नाकापेक्षा मोती जड, म्हणाला. खूप हसलो.

जेवताना काकूंनी विचारलं. म्हटलं, काकू, नाणं खणखणीत आहे. त्यांनी मान खाली घालून मला परत वाढलं. डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डावी बाजू काढली, धाकटीच्या सीटची. टिचकी मारली. थप्प.

इथे सीलंट बोटभर जाड होतं. ऊब दिली, उचललं. खाली पुट्टी. पुट्टीखाली कापड. कापडाखाली तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, त्यावरची छापील अक्षरं अजून वाचता येतात. तो जोडलेलाही नाही, नुसता चिकटवलेला. आणि त्याच्याखाली काही नाही. टोच्या सरळ जमिनीला टेकला. सीटचा बोल्ट पुट्टीत उभा होता, ओल्या मातीत काडी रोवावी तसा.

हे अपघातानंतर लपवण्यापुरतं केलं असेल, असं आधी वाटलं. पण त्या थराच्या खाली जुना थर आहे, अपघातात फाटलेला. त्यातही तेच. कापड, डब्याचा पत्रा, पुट्टी. आणि वर ती सुंदर एकसलग रेघ.

धाकटीचा नवरा खरं बोलत होता.

मी बराच वेळ गाडीखाली पडून राहिले. जेवताना काकूंनी विचारलं, आज कुठवर आलं? मी ताटाकडे बघत म्हटलं, तीही बाजू चांगली आहे. खाल्ल्या मिठाला जागले, असं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं, एवढंच. उद्या सांगेन. सकाळी माणसाला धीर असतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी खाली गेले तर भोक झाकलेलं. ओलं सीलंट, बोट लावलं की चिकटत होतं, आणि ओढलेली रेघ.

रंगाऱ्याची मस्करी वाटली. त्याला झापलं. त्याचा चेहराच पडला. उस्तादांच्या गाडीला मी हात लावत नाही, म्हणाला, आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाही. काकूंचा संशय घेण्यात अर्थ नव्हता, त्या बोटांनी साधी नळीसुद्धा दाबता येणार नाही.

दोघांचा संशय घेतला याची लाज वाटली. पण खरं सांगू? भोक झाकलेलं बघून पहिल्यांदा मला हायसं वाटलं होतं. सांगणं एक दिवस पुढे गेलं. त्याची जास्त लाज वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सीलंट पुन्हा काढलं. डब्याचा पत्रा, कापड, सगळं उपटून बादलीत टाकलं. भोक मोकळं केलं, परात जाईल एवढं. मग जेवायला गेले. काकू आणि रंगारी दोघं माझ्यासमोर बसून जेवले, कुणी उठलं नाही.

परत आले तर झाकलेलं. भर दुपारी. बादली रिकामी.

रेघेवर बोट ठेवलं. मधोमध तो केसाएवढा उंचवटा.

मी रंगाऱ्याला हाक मारून ते दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, पाठ सरळ केली आणि भुवई पुसली. त्याच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. मग लक्षात आलं, उस्तादांनी तळ दुरुस्त केला तेव्हा त्यावर रंग यानेच मारला असणार. यालाही माहीत होतं. तो शेडच्या दाराकडे बघत एवढंच म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. ते गेले, काकू जगतायत. राहू द्या."

आईला फोन केला. सगळं छान आहे, म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज जे केलं ते लिहायला हात उठत नाही. लिहिते.

काकू बाजारात गेल्या होत्या. शेडच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली, काखेत कुबडी. न सांगता कळलं, हनुवटी काकूंचीच. आत यायला धजत नव्हती. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही. गाडीकडे बघत राहिली.

मला वाटलं होतं भांडायला आली असेल. तसं नव्हतं. म्हणाली, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कुणाची बाजू घ्यायचं कारण नाही. गाव इतकी वर्षं मला खोटी म्हणतं, आताशा मलाच वाटायला लागलंय की ते माझ्या नवऱ्याच्या मनाचे खेळ असतील. नवरा तर गेला. मला काही परत नको. फक्त ताईशी बोलायचंय. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तळ उघडलाय. एकदा सांगा, पत्रा सडलेला होता का?"

रंगारी पडद्याआड होता, त्याचा फवारा थांबला.

मी म्हटलं, "नाही मावशी. पत्रा शाबूत आहे."

तिने कुबडी काखेत सारखी केली. मग म्हणाली, तर मग माझंच चुकलं. ताईला सांगा, मी माफी मागायला येईन.

कुबडी टेकत गेली. जमीन पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, ते मला आज कळलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ती आली. काकूंनी शेजारपाजारही बोलावला होता. सगळ्यांसमोर तिने मोठ्या बहिणीचे पाय धरायला वाकायचा प्रयत्न केला, अधू पायाने वाकता येईना, काकूंनी वरच्या वर धरली. दोघी खूप रडल्या. काकूंनी मला जवळ ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, या पोरीमुळे माझी बहीण परत आली. लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग सगळ्यांची पंगत बसली.

जिचा पाय गेला, तिने माफी मागितली. आणि मी तिथे जेवले.

काकूंनी ठरवलंय, गाडी झाली की पहिली फेरी दोघींनी मारायची. धाकटी पुढे, तिच्या जुन्या जागेवर.

संध्याकाळी शेडमध्ये गेले. मागच्या दाराच्या चौकटीला मी केलेलं वेल्डिंग जरा फसलं होतं, खडबडीत आलं होतं, ते उद्या घासायचं ठेवलं होतं. त्यावर रेघ ओढलेली होती. गुळगुळीत, देखणी. माझी चूक कुणाला दिसू नये म्हणून.

त्या अंगठ्याने मला आपल्यातली धरलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस मान वर न करता काम केलं. एकच मार्ग होता. खोटं बोललेय ना, मग ते खरं करून टाकायचं. अख्खा डावा तळ कापून काढला, नवा जाड पत्रा बसवला, कडेने वेल्डिंग केलं, बोल्टाखाली दुहेरी पट्टी दिली. ठोकून पाहिला. टण्ण. त्यावर बस चढवली तरी हलणार नाही. काकूंना म्हटलं, जुनी गाडी आहे, खबरदारी म्हणून बदलला. रंगाऱ्याने प्रायमर मारला, तोही सुटल्यासारखा दिसला. सीलंट मी स्वतः भरलं, मुद्दाम ब्रशने, अंगठ्याने नाही.

सीट लावली. इंजिन काकूंनी मेकॅनिककडून आधीच चालू करून घेतलंय; बुधवारी फेरी ठरली, चालवणार रंगारी.

लाज गेली नाही. पण आता कुणाच्या जिवाला धोका नाही. तेवढ्यावर जगता येईल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचं बघून घ्यावं म्हणून सीटखाली हात घातला. ब्रशच्या खुणा नाहीत. रेघ आहे.

पट्टीने उचललं. माझा पत्रा तपकिरी. दोन दिवसांत. बोट टेकवलं तर पापुद्रे पडले, बिस्किटासारखे. त्याखाली कापड. डब्याचा पत्रा, तीच अक्षरं. पुट्टी. बोल्ट पुट्टीत उभा.

मी कापून भंगारात घातलेलं सगळं. जसंच्या तसं.

चहाच्या वेळी काकू एकट्या होत्या. धाकटीसाठी पुढच्या सीटची उशी शिवत होत्या, त्या बोटांनी, टाका टाका करत. मी म्हटलं, काकू, त्या सीटखाली. त्यांनी वर पाहिलं. जिभेवर डांबरासारखी चव आली. मी म्हटलं, गालिचा घालायचा राहिलाय.

कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सीटच काढून टाकली. बोल्ट नाल्यात फेकले. सीट नाही तर बसणार कुठे. हात धुवायला नळावर गेले, परत आले, सीट जागेवर. बोल्ट आवळलेले.

आणि मी पाहिलं.

दरवाजातून ऊन आत पडलं होतं. तळाच्या सांध्यावर ओला लगदा होता आणि त्यात एक खळगा सरकत होता. अंगठ्याएवढा. कुणी नाही, नुसता खळगा. कोपऱ्यापर्यंत गेला, वळला, मागे गुळगुळीत रेघ सोडत. घाई नाही. मी श्वास घेतला तसा थांबला.

भुतं रागावलेली असतात असं ऐकलं होतं. हे रागावलेलं नव्हतं. ते शरमलं होतं. त्या जागेतून ती शरम ऊब यावी तशी अंगावर येत होती, आणि मला ती ओळखीची वाटली, माझ्याच पोटातली. म्हातारा माणूस, ज्याला आपलं उघडं पडलेलं कुणी बघितलं ते सहन होत नाही. विशेषतः बायकोने. कुणी मेलं तरी चालेल, तिने बघता कामा नये.

मी म्हटलं, उस्ताद, उद्या तिची बहीण मरेल.

खळगा हलला. कोपऱ्यातून माझ्या पायाकडे.

पळाले.

रंगाऱ्याला सांगितलं, उद्या गाडी काढू नकोस. तो म्हणाला, मॅडम, मी स्वतः प्रायमर मारलाय, पत्रा माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, आता कशाला खोदता. बघायला चल, म्हटलं. आला. सीट वर करून पाहिली. नवा कोरा प्रायमर, ब्रशच्या खुणा. ठोकलं. टण्ण वाजलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळ

ओठांच्या कोपऱ्यात काळं. पुसलं. पुन्हा येतं.

धाकटी आली आहे. खाली दोघींचं हसणं ऐकू येतंय. दोघी सारख्या हसतात, शेवटाला शिंकल्यासारख्या.

आज सांगणार. सगळ्यांसमोर. मी खोटं बोलले, मावशी, तुमचा नवरा खरा होता. एवढंच तर आहे.

—

खाली गेले होते. काकूंनी माझ्या गालाला हात लावला. डोळे लाल दिसतायत, झोप नाही का झाली, म्हणाल्या. तोंड उघडलं. उघडत होतं. जीभ मोकळी होती. धाकटीने उशी दाखवली, ताईने शिवली म्हणून. मी म्हटलं, सुरेख आहे. म्हटलं, तोंड धुऊन येते, मग एक सांगायचंय. थांबा, निघू नका.

थांबतो की, म्हणाल्या.

तोंड धुऊन. म्हणजे अजून पाच मिनिटं. एवढ्यासाठी वर आले मी.

—

दार उघडत नाही. कडी काढली आहे. चौकटीच्या फटीत काळी रेघ, खालून वर, अजून ओली. नखांनी ओरबाडते. तेवढीच परत भरते.

ओरडले. आवाज खोलीतच राहतो. उशीत ओरडल्यासारखा.

—

खिडकी. चारी कडांना रेघ. स्टूल मारलं. काच फुटत नाही, रबरावर मारल्यासारखं, ना तडा ना आवाज.

गाडी अंगणात काढली आहे. रंगारी दार उघडून उभा. धाकटी बसली. कुबडी आत घेतली. उशी सारखी केली. काकू मागे —

काकू वर बघतायत. माझी वाट बघतायत. मी दोन्ही हात काचेवर —

त्यांना वाटलं मी जा म्हणते. हात हलवला. धाकटीला दाखवलं, ती बघ. तिनेही हलवला. मी नाही नाही म्हणून हात हलवते आणि ते खालून —

निघाली. फाटक. खडखड. रस्त्याला लागली —

—

रेघ आता आत. भिंतीवरून. टेबलाची कड. घाई नाही. मधोमध उंचवटा. पानाच्या कडेला — पानं चिकटतायत — हे एकच उघडं आहे —

ओठ नाही उघडत आता. आता नाही. मगाशी उघडत होते. तेव्हा फक्त म्हणायचं होतं, काकू, त्या सीटखाली